कोकणातल्या घरासाठी झाडं घेताना आधी आषाढातलं घर बघा

मे महिन्यात हौसेने झाड आणायचं आणि गणपतीच्या सुमारास त्याची रिकामी कुंडी मागीलदारी न्हाणीजवळ उलटी करून ठेवायची, असं आमच्याकडे सलग तीन वर्षं झालं. पहिल्या वर्षी जेड गेलं, दुसऱ्या वर्षी गुलाबाच्या आकाराची सुंदर सक्युलंटं, तिसऱ्या वर्षी फिडल लीफ. मी पाण्याला दोष दिला, मातीला दिला, शेवटी स्वतःच्या हातालाही दिला. पण चूक खरेदीच्या दिवशीच झालेली होती. झाड मी मे महिन्यातल्या घराकडे बघून घेत होते आणि त्याला जगायचं होतं जुलैमधल्या घरात.

किनारपट्टीवरचं घर वर्षातून दोनदा पूर्ण बदलतं. मेमध्ये ओटीवर पश्चिमेचं ऊन येतं, खिडक्या उघड्या, वारा खेळता, कुंडीतली माती दोन दिवसांत कोरडी. जूनमध्ये तेच घर मिटून बसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पडवीला झाप किंवा ताडपत्री बांधली जाते, खिडक्या लागतात, पापड सादळतात, मिठाला पाणी सुटतं. कुंडीतली माती आठ-दहा दिवस ओलीच राहते आणि उजेड पार कमी होतो. कमी उजेड आणि ओली माती एकत्र आली की मुळं कुजतात. कोकणात घरातली झाडं मरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, कीड किंवा खताची कमतरता त्यानंतर येते.

म्हणून खरेदीला निघण्याआधी घर बघायचं.

उजेड मोजायचा कसा

एक कागद घ्या, घराचा साधा आराखडा काढा आणि झाड ठेवावंसं वाटतं अशा तीन-चार जागांवर खुणा करा. मग प्रत्येक जागी सकाळी दहा, दुपारी बारा आणि चार वाजता जाऊन जमिनीपासून हातभर उंचीवर आपला पंजा धरा. सावली कडेने स्पष्ट पडली, बोटं मोजता आली, तर उजेड भरपूर. सावली पडते पण कडा धूसर, तर मध्यम. सावली पडली की नाही हेच कळत नसेल तर तिथे कमी उजेड आहे. आपले डोळे अंधाराला पटकन सरावतात, त्यामुळे नुसतं बघून उजेडाचा अंदाज नेहमी जास्तच येतो. कडक उन्हात उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात तोच शे-दोनशे लक्सवर येतो. फोनमधल्या लक्स मोजणाऱ्या ॲपचा आकडा अचूक नसला तरी दोन जागांची तुलना करायला तो पुरतो.

ही मोजणी आषाढात केलीत तर उत्तम. नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: पावसात भर दुपारी इथे दिवा लावावा लागतो का? लागत असेल, तर ती जागा कमी उजेडाची धरा, मेमध्ये तिथे कितीही लख्ख दिसत असलं तरी.

कौलारू घरात आणखी काही गोष्टी बघायच्या. पाखं खाली उतरलेलं असलं की खिडकीपासून हातभर आत गेल्यावर उजेड झपाट्याने कमी होतो. माजघर तर बहुतेक काळोखंच. पण तुमच्या छपरात एखादं काचेचं कौल असेल तर त्याच्याखालची जागा सोन्यासारखी. वरून येणारा उजेड बाजूच्या खिडकीपेक्षा झाडाला सगळीकडून सारखा मिळतो आणि झाड एका बाजूला वाकत नाही. फक्त मार्च ते मे त्या कौलातून उन्हाचा कवडसा थेट पानावर किती वेळ पडतो ते बघा. तास-दोन तास एकाच जागी पडला तर अग्लोनेमासारख्या नाजूक पानावर भाजल्याचा डाग येतो. आणि पावसाळ्याआधी ते कौल पुसून घ्या, त्यावर धूळ आणि शेवाळ साचलेलं असतं.

कुडाळ, चिपळूण, रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी दिशा नक्की बघावी. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. उत्तरेची मऊ उजेडाची, ती पुष्कळ झाडांना चालते. पश्चिमेची बाल्कनी उन्हाळ्यात तापते आणि पावसाळ्यात थेट झोडपली जाते.

वारा, पाणी आणि घरातली माणसं

समुद्र दिसतो अशा घरात झाडाला खाऱ्या वाऱ्याचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि मिठाचे बारीक कण घेऊन येतो. पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरचुरीत झाल्या की आपण पाणी कमी पडलं समजतो आणि आणखी पाणी घालतो. पुळणीलगतच्या घरात नेचे, पीस लिली, कॅलेथिया असली पातळ पानांची झाडं समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नयेत. तिथे स्नेक प्लांट, कोरफड, रबर प्लांट अशी जाड पानांची झाडं टिकतात. बाकीची घराच्या मागच्या अंगाला.

पाण्याचं तसंच. खाडीकाठच्या कितीतरी विहिरी आणि बोअर एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. तुमच्या पाण्याने मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल तर त्यात क्षार जास्त आहेत. स्पायडर प्लांट आणि ड्रेसिना अशा पाण्यावर पानांची टोकं जाळून घेतात. पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावा. पहिले एक-दोन मोठे पाऊस छपर धुऊन जाऊ द्यात आणि मग धरलेलं पाणी झाकण ठेवून साठवा. झाडांसाठी याहून चांगलं पाणी नाही. ते जमणार नसेल तर क्षार सहन न करणारी झाडं यादीतून आधीच काढा.

तिसरी गोष्ट म्हणजे घरात कोण असतं. कोकणातली कितीतरी घरं वर्षातले बहुतेक महिने कुलपात असतात. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरती उघडतात. बंद घर म्हणजे अंधार आणि कोंडलेली हवा. अशा घरात झीझी आणि स्नेक प्लांटही महिनोन्महिने काढू शकत नाहीत, कारण थोडातरी उजेड त्यांना लागतोच. चाकरमान्यांना माझा सल्ला असा की झाड आतल्या खोलीत ठेवण्यासाठी घेऊच नका. ओटीवर किंवा पडवीत, उजेड येईल पण पावसाची झड पोचणार नाही अशा जागी एक-दोन चिवट झाडं ठेवा आणि शेजारच्या काकूंना महिन्यातून दोनदा तांब्याभर पाणी घालायला सांगा. त्यांना त्याच झाडाचं एक पिल्लू द्या, म्हणजे त्यांचाही त्यात जीव राहतो.

घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर तेही आत्ताच लिहून ठेवा. मनीप्लांट, अग्लोनेमा, डिफेनबेकिया, पीस लिली, सिंगोनियम, झीझी ही सगळी आपल्या अळवाच्या, सुरणाच्या कुळातली. खाजऱ्या अळवाने घसा खाजतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुयांमुळे, त्याच सुया यांच्या पानांत आणि चिकात असतात. मुलाने पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. ही झाडं घेऊ नयेत असं नाही, पण हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवावीत आणि छाटणी केल्यावर हात धुवावेत. सायकस मात्र कुत्रं असलेल्या घरात आणूच नका, ते फार विषारी आहे.

कोणत्या जागी काय

आता कागदावरच्या खुणांसमोर नावं लिहायची. दुकानात गेल्यावर नाव ठरवायचं नाही, कारण तिथे सगळंच सुंदर दिसतं.

कमी उजेडाच्या जागेसाठी माझा पहिला विश्वास झीझीवर. मूळ पूर्व आफ्रिकेतलं हे झाड, मातीखाली बटाट्यासारख्या गड्ड्यांत पाणी साठवतं. सादळलेली हवा त्याला सोसते, ओली माती सोसत नाही. त्याच्या जोडीला स्नेक प्लांट आणि हिरव्या पानांचा अग्लोनेमा. अग्लोनेमाच्या लाल-गुलाबी जाती दिसायला मोहक, पण त्यांना उजेड जास्त लागतो. काळोख्या खोलीत त्यांचा रंग उडतो. पानावर जितका पांढरा किंवा गुलाबी रंग जास्त तितकं त्यातलं हिरवं कमी आणि तितका उजेड जास्त हवा, हा हिशोब जवळपास सगळ्याच पानांच्या झाडांना लागू पडतो.

मध्यम उजेड असेल तर निवड मोठी आहे. मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अरेका आणि रॅफिस पाम, पीस लिली, बर्ड्स नेस्ट नेचं. यातली बहुतेक झाडं उष्ण, दमट प्रदेशातलीच आहेत. मनीप्लांट तर मुळात प्रशांत महासागरातल्या एका बेटावरचं. दिल्ली-पुण्याचे लोक पाण्याचे फवारे मारून आणि दमट हवेची यंत्रं लावून जे वातावरण करायचा प्रयत्न करतात ते आपल्याला समुद्राने फुकट दिलेलं आहे. थंडीतही आपल्याकडे झाडाला इजा होईल इतका गारठा पडत नाही. म्हणजे नेचे आणि फिलोडेंड्रॉन ही आपल्या घराची खरी झाडं. सक्युलंट आणि कॅक्टस ही कोरड्या हवेची झाडं. ती ज्यांना हवीच आहेत त्यांनी भरपूर उजेडाची, झड न लागणारी खिडकी असेल तरच घ्यावीत आणि जून ते सप्टेंबर जवळजवळ पाणी न घालता काढावेत.

पडवीसाठी मी विकतच्या शोभेच्या झाडांआधी दोन वेली सुचवीन. एक नागवेल, म्हणजे विड्याच्या पानांची. पान हृदयाच्या आकाराचं, गर्द, मनीप्लांटइतकंच देखणं, आणि सुपारी कातरायला बसलं की हाताशी पान. दुसरी मिरी. मिरीला सावली आवडते. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी घ्यायची लाखी बागेची पद्धत लोकांपर्यंत नेली ती याच स्वभावामुळे. कुंडीसाठी झुडूपमिरी मागा. ती मिरीच्या आडव्या, फळ धरणाऱ्या फांदीपासून केलेली असते, त्यामुळे वर न चढता झुडपासारखी राहते आणि कुंडीतच घोस धरते. वेल आणि झुडूप यांची लहान रोपं दिसायला सारखी, म्हणून घेताना स्पष्ट विचारून घ्या.

एक विनंती मनापासून करते. आंबोलीच्या किंवा कुठल्याही रानातून ओरबाडून आणलेलं सीतेच्या वेणीचं ऑर्किड बाजारात कोणी विकत असेल तर घेऊ नका. ते झाडाच्या सालीवर, रानातल्या हवेवर जगतं आणि कुंडीत बहुतेकदा मरतं. पैसे मोजले की पुढच्या वर्षी आणखी झाडं ओरबाडली जातात. ऑर्किड हवंच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं डेंड्रोबियम घ्या. आपल्या हवेत ते छान रुळतं.

कधी आणि कुठून घ्यायचं

मी आता भाद्रपदात खरेदी करते. पावसाचा जोर ओसरलेला असतो, हवा अजून ओली असते, वाटेत झाड सुकत नाही, आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्याला रुळायला आठ-नऊ महिने मिळतात. शिवाय चार महिन्यांचा पाऊस त्याच रोपवाटिकेत काढूनही जे झाड टवटवीत उभं आहे त्याने आपली परीक्षा तिथेच दिलेली असते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र थांबा. मखराच्या सजावटीसाठी अरेका आणि क्रोटनच्या गाड्या येतात, झाडं दाटीने रचलेली असतात, विकणाऱ्याला बोलायला सवड नसते. विसर्जनानंतर जा. मेमध्ये घाट उतरून आलेलं झाड आधीच उन्हाने आणि वाऱ्याने दमलेलं असतं.

आपल्याकडच्या रोपवाटिकांत घरातली झाडं बहुधा बाहेरून येतात. पुण्याजवळच्या उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या पट्ट्यातून, कोल्हापूरकडून, आणि काही थेट आंध्रातल्या कडियममधून. हे माहीत असणं दोन कारणांसाठी महत्त्वाचं. एक, झाड वेगळ्या हवेतून आलेलं आहे, त्याला वेळ लागणार. दुसरं, त्याची माती. त्यावर पुढे बोलतेच. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याची वेंगुर्ला, भाट्ये इथली केंद्रं मुख्यतः आंबा, काजू, नारळ, मसाल्याच्या रोपांसाठी. खात्रीचं मिरीचं रोप हवं असेल तर तिथे चौकशी करावी.

ऑनलाइन मागवायचं तर लहान, चिवट झाड मागवा आणि जुलै किंवा मे टाळा. तीन-चार दिवस खोक्यात बंद राहिलेलं नेचं बरं होईलच असं सांगता येत नाही.

रोपवाटिकेत उभं राहून

रोपवाटिकेत शिरल्यावर आधी झाड बघू नका, जागा बघा. तुम्हाला हवं ते झाड कुठे ठेवलंय? हिरव्या जाळीखाली की उघड्या उन्हात? कुंड्या ओल्या जमिनीवर टेकवलेल्या आहेत की विटांवर उचललेल्या? वर माड आहेत का? माडांवर हल्ली रुगोज चक्राकार पांढरी माशी आढळते. भारतात तिची पहिली नोंद २०१६ साली तमिळनाडूत झाली, आणि ती माडाबरोबर इतर कितीतरी झाडांवर उतरते. तिच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते. माडाखाली ठेवलेल्या रोपांच्या पानांवर काजळी धरल्यासारखं दिसलं तर ती झाडं नकोत.

मग झाड हातात घ्या. विकणाऱ्याला आवडो न आवडो, उचलून बघितल्याशिवाय घेऊ नये. मी हा क्रम धरते.

पान उलटं करा. मधल्या शिरेच्या कडेने आणि पान खोडाला मिळतं त्या बेचक्यात कापसाचे पांढरे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. तो एका झाडावरून घरातल्या सगळ्या झाडांवर जातो. तपकिरी, नखाने खरवडलं तर निघणारे उंचवटे म्हणजे खवले कीड. पानाखाली बारीक जाळं आणि वरून ठिपक्या-ठिपक्यांचा फिकट रंग म्हणजे लाल कोळी, तो कोरड्या दिवसांत जास्त. पावसाळ्यात बुरशीचे डाग बघा. मध्ये तपकिरी आणि भोवती पिवळं वलय असलेले, ओलसर, वाढत जाणारे. जुन्या एखाद्या पानावरचा वाळका डाग चालतो, कोवळ्या पानावरचा नाही. पान फारच चकाकत असेल तर बोटाने पुसून बघा. चमक आणणारा फवारा मारलेला असतो, आणि त्याखाली कीड लपते.

खोड बुडाशी धरून अगदी हलकं हलवा. झाड मातीत घट्ट असलं पाहिजे. डगमगत असेल तर एकतर मुळं कुजलीत किंवा कालच फांदी खोचून ठेवलेली आहे. खोड बुडाशी दाबून मऊ लागलं तर तिथेच ठेवा.

कुंडीचं वजन बघा. तशाच शेजारच्या कुंडीपेक्षा खूप जड असेल तर माती चिकट आहे किंवा पाणी अडलंय. नाकाशी न्या. ओल्या मातीचा वास चांगला, गटारासारखा आंबूस वास म्हणजे मुळं सडलेली. खालच्या भोकांतून मुळं डोकावत असतील तर बघा: पांढरी किंवा फिकट पिवळी, कडक मुळं हवीत. काळी, हाताला लागताच सोलून येणारी नकोत. थोडी मुळं बाहेर आलेली चालतात. पिशवी फाडून जाडजूड गुंता बाहेर पडला असेल तर झाड त्यात फार दिवस अडकलेलं आहे. विकणारा तयार असेल तर पिशवी किंचित सैल करून गोळा बघून घ्या.

आता मातीचा गोळा. दूरवरून येणारी बरीच झाडं चिकट लाल किंवा काळ्या चिखलाच्या घट्ट गोळ्यात असतात. वाहतुकीत मूळ हलू नये म्हणून ती माती सोयीची, पण आपल्या पावसात तो गोळा महिनाभर ओला राहतो आणि एकदा कडक सुकला की पाणी आत जातच नाही, कडेने वाहून जातं. माझं फिडल लीफ असंच गेलं. वरची चार बोटं माती भुसभुशीत होती आणि आत मुठीएवढा चिखलाचा गोळा. बोट दोन इंच आत घालून बघा. खाली दगडासारखं लागलं तर घरी गेल्यावर माती बदलावी लागणार हे धरून चाला.

शेवटी शेंडा. नवीन पान उमलत असेल, कोंब हिरवा असेल, तर झाड वाढीला लागलेलं आहे. एकाच जातीची दहा झाडं समोर असतील तर मी सगळ्यात उंच कधीच घेत नाही. अंधारात उजेडाकडे ताणलेलं झाड उंच आणि किडकिडीत होतं. दोन पेरांमधलं अंतर कमी असलेलं, बुटकं, भरलेलं झाड घ्या. आकाराने लहानही घ्या. चार किंवा सहा इंची कुंडीतलं झाड नव्या घराशी मोठ्या झाडापेक्षा लवकर जुळवून घेतं, आणि चूक झाली तर थोडक्यात निभावतं.

मग बोलायचं. पहिला प्रश्न, “मामानू, ह्या झाड हंय किती दिवस आसा?” एकदा एका भल्या माणसाने मला सरळ सांगितलं, “गेल्या आयतवारची गाडी, तेतूनच इला.” मी झाड त्याच्याकडेच ठेवायला सांगितलं, थोडे पैसे दिले आणि तीन आठवड्यांनी घेऊन आले. तेवढ्यात खालची दोन पानं गळून शेंड्याला नवीन आलेलं होतं. तुमच्या गावातली ओळखीची रोपवाटिका असेल तर हे नक्की करून बघा. दुसरा प्रश्न, शेवटचं खत कधी घातलं. नुकतंच घातलं असेल तर दोन-तीन महिने काही घालू नका. तिसरा, पाणी किती दिवसांनी घालता.

“हवा शुद्ध करतं” या शब्दावर जास्त पैसे मोजू नका. त्याचं मूळ नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगात आहे, आणि तो लहानशा बंद पेटीत केलेला होता. २०१९ साली अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला गेला. साध्या खिडकीतून हवा जेवढी बदलते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असं त्यात निघालं. कौलांच्या फटींतून वारा येणाऱ्या आपल्या घरात तर तो प्रश्नच नाही. झाड डोळ्यांना बरं वाटतं म्हणून घ्या, तेवढं कारण पुरेसं आहे.

घरी आणल्यावर

दुचाकीवरून आणत असाल तर पानं खालून वर गोळा करून वर्तमानपत्राच्या नळीत गुंडाळा. वाऱ्याने अर्ध्या तासात पानं फाटतात. बंद गाडीत झाड ठेवून बाजारहाट करायला थांबू नका.

नवं झाड आधीच्या झाडांपासून वेगळं, पडवीत किंवा न्हाणीघराच्या खिडकीत, पंधरा दिवस ठेवा. दर तीन-चार दिवसांनी पानाखाली बघा. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापडाने पुसून काढा आणि लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल व साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. एक-दोन जुनी पानं पिवळी पडून गळतील, घाबरू नका. या काळात कुंडी बदलू नका, खत घालू नका. अपवाद फक्त चिकट गोळ्याचा. पाऊस सुरू असेल तर तो लगेच सोडवावा, कोमट पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून, मुळं न तोडता, बोटांनी.

नव्या मातीसाठी बाहेरून महागड्या पिशव्या आणायची गरज नाही. मी दोन भाग कोकोपीट, दोन भाग जांभ्याची बारीक खडी, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत, अर्धा भाग भाताचा तूस घेते. मूठभर कोळशाचे तुकडे असले तर बरं. मिश्रण मुठीत दाबून सोडलं की ते सुटं व्हायला हवं. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते भिजवून पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा धुवा. नेचे आणि ऑर्किडला सोडणाचे, म्हणजे नारळाच्या सालीचे, तुकडे घाला, तेही धुऊन. पुळणीची वाळू वापरू नका, तिच्यात मीठ असतं. व्हाळाची, म्हणजे ओढ्याची, वाळू चालते.

कुंडी मातीची घ्या, जुन्या कुंडीपेक्षा बोट-दोन बोटंच मोठी. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते आणि पावसाळ्यात तेच हवं असतं. खाली भोक हवंच. लोखंडी स्टँड खाऱ्या हवेत दोन वर्षांत गंजतो, त्यापेक्षा चिऱ्याचा तुकडा बरा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करायच्या कोरड्या दिवशी ताटल्याही पालथ्या करा.

मनीप्लांट आणि सिंगोनियमच्या छाटलेल्या फांद्या गडग्यापलीकडे टाकू नका. आपल्या पावसात त्या सहज रुजतात, झाडावर चढतात आणि खालचं रान झाकून टाकतात. उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात टाका.

पाण्याला वार ठरवू नका. बोट दोन पेरं आत घाला. मनीप्लांट, अरेका, अग्लोनेमा वरची माती कोरडी झाल्यावर. पीस लिली आणि नेचे किंचित ओले असतानाच. झीझी आणि स्नेक प्लांट कुंडी तळापर्यंत सुकल्यावर, मेमध्ये साधारण दोन आठवड्यांनी आणि जुलैमध्ये महिन्यातून एकदा किंवा तेही नाही. मृग लागायच्या आधी सगळ्या कुंड्या एकदा उचलून भोकं मोकळी आहेत का ते काडीने बघा, झडीच्या बाजूच्या कुंड्या आत घ्या आणि आतल्या कुंड्या खिडकीकडे हातभर पुढे सरकवा.